मृगाचा पाऊस आणि शिमला ऑफिस

॥ राम कृष्ण हरी ॥

माउलींची आणि तुकोबारायांची पालखी पुण्यात येते त्या दिवशी आपण वाकडेवाडी मागे टाकून शिवाजीनगरला पोचतो. टाळ-मृदंगाच्या गजरात, दर्शनाच्या रेटारेटीत आजूबाजूला काय आहे इकडे कुणाचं ध्यान नसतं. तिथून जवळच एक जुनी सरकारी इमारत आहे. पुणेकर तिला ‘शिमला ऑफिस’ म्हणतात आणि तिथल्या चौकालाही तेच नाव पडलं आहे. एखादा नवखा माळकरी विचारतो, “माउली, शिमला कुठं हिमालयात, आणि ऑफिस पुण्यात कसं?” कुणी हसतं, कुणी ‘इंग्रजांचं काहीतरी असेल’ म्हणून पुढं चालू लागतं.

ते ऑफिस पावसाचं आहे. आपण पंढरीची वाट चालताना दिवसातून दहा वेळा वर बघून जो प्रश्न विचारतो, तोच प्रश्न तिथली माणसं जवळजवळ शंभर वर्षं कागदावर सोडवत आली आहेत : पाऊस येणार का, कधी येणार, आणि नाही आला तर का नाही आला?

शताब्दी अंकासाठी काहीतरी इतिहास लिहून द्या, असं मंडळींनी सांगितलं. दिंडीच्या विणेकऱ्यांचा, चोपदारांचा, पंगती घालणाऱ्या दात्यांचा इतिहास इतरांनी लिहिलाच आहे. मी पावसाचा लिहितो. कारण या शंभर वर्षांत आपली माणसं बदलली, बैलगाड्या जाऊन ट्रक आले, पालं जाऊन तंबू आले. पण निघताना मनात असणारी एक काळजी बदलली नाही : पेरणी झाली का?

वारी आणि नक्षत्र

वारकरी हा मुळात शेतकरी. मृग बरसला, तिफण चालली, घरचं पोरांवर सोपवलं आणि गळ्यात टाळ अडकवला, हा जुना शिरस्ता. पण यात एक मेख आहे. मृग नक्षत्र सूर्याच्या चालीवर लागतं, म्हणून ते दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच येतं. एकादशी मात्र चंद्राच्या तिथीवर. त्यामुळं आषाढी पुढं-मागं सरकते आणि अधिक मास तिला पुन्हा जागेवर आणतो. २०१५ साली आषाढी २७ जुलैला होती, २०२३ साली २९ जूनला. म्हणजे एका वर्षी आपण आर्द्रा नक्षत्रात पंढरीत पोचतो, तर दुसऱ्या वर्षी पुष्यात, ज्याला आपण ‘म्हातारा पाऊस’ म्हणतो. ‘यंदा वारीत पाऊस लागला नाही’ असं म्हणताना वारी कोणत्या नक्षत्रात चालली हे आधी पाहिलं पाहिजे. कधी पाऊस उशिरा आलेला नसतो, आपणच लवकर निघालेलो असतो.

२०२३ साली मात्र दोन्ही गोष्टी एकदम झाल्या. वारी लवकर होती आणि पाऊसही उशिरा आला. ११ जूनला माउलींचं प्रस्थान झालं आणि पुण्या-मुंबईकडं पाऊस पोचला तो २५ जूनला. तोवर निम्म्याहून जास्त वाट उन्हात चालून झाली होती. त्या वर्षी आपल्याच काही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलं, “कुठंतरी सेवा चुकली असणार, म्हणून पांडुरंग रुसला.” त्यांच्या भावनेला माझा नमस्कार आहे. पण हे वाक्य मनात रुतून बसलं आणि त्याचाच शोध घेण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

संतांच्या काळचे दुष्काळ

आपल्या संतांनी दुष्काळ ऐकलेले नव्हते, भोगलेले होते. १३९६ पासून सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षं चालला असं परंपरा सांगते. पंधराव्या शतकात बहामनी अमदानीत मंगळवेढ्याला दामाजीपंत होते. दुष्काळात भुकेलेली माणसं दारात आली तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारं उघडली, आणि त्यांचा जीव वाचवायला विठुरायानं महाराचा वेश घेऊन बीदरला जाऊन पैसे भरले, ही कथा आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकतो.

त्यानंतर आला १६३० च्या आगेमागेचा दुष्काळ. दख्खन आणि गुजरात उजाड करून टाकणारा. देहूचं सावकारी आणि वाण्याचं घर त्यात बुडालं. तुकोबारायांची थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. चरित्रकार सांगतात की पुढं तुकोबांनी घरातली कर्जखतं काढली, भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडून दिली. ज्यांच्याकडून येणं होतं ती माणसंही त्याच दुष्काळात होरपळलेली होती. त्यांच्या मानेवरचं ओझं तुकोबांनी उतरवलं.

या दोन कथांकडं नीट बघा. पाऊस का पडला नाही याचा दोष दामाजींनी कुणाच्या माथी मारला नाही. भुकेल्याला आधी अन्न दिलं. तुकोबांनीही आपल्या दुःखाचा हिशेब दुसऱ्याकडून वसूल केला नाही. आभाळाचं काय ते आभाळाला ठाऊक, माणसानं काय करायचं ते मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या काळी आभाळाचं गणित कुणालाच मांडता येत नव्हतं. हवेला वजन असतं आणि ते मोजता येतं, हेही तेव्हा ठाऊक नव्हतं. हवेचा दाब मोजणारं पाऱ्याच्या नळीचं साधन इटलीत तोरिचेली नावाच्या माणसानं केलं ते १६४३ साली. म्हणजे तुकोबाराय देहूत होते तेव्हाच. पण देहूपासून फार लांब.

वाटच सांगते

पाऊस कसा पडतो हे समजून घ्यायला मोठं पुस्तक नको. आपली वाटच ते सांगते.

उन्हाळ्यात आपली जमीन तव्यासारखी तापते. तिच्यावरची हवा तापून हलकी होते आणि वर जाते. वायव्य भारतात, राजस्थान-सिंधकडं, हवेचा दाब उतरतो. समुद्र तेवढा तापत नाही, तिथली हवा जड राहते. हवा नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडं धावते. विषुववृत्ताच्या खालून निघालेलं वारं पृथ्वीच्या फिरण्यामुळं उजवीकडं वळतं, अरबी समुद्रावरून वाफ पीत पीत नैऋत्येकडून आपल्यावर येतं आणि सह्याद्रीवर आदळतं.

आता मुख्य नियम. हवा वर चढली की थंडावते, तिच्यातल्या वाफेचे ढग होतात आणि पाऊस पडतो. तीच हवा खाली उतरली की तापते आणि ढग विरून जातात. चढती हवा पाऊस देते, उतरती हवा पाऊस अडवते. एवढं एक वाक्य गाठीला बांधून ठेवा, पुढं ते पुन्हा लागणार आहे.

सह्याद्री चढताना वारं आपली वाफ ओतून टाकतं, म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. डोंगर ओलांडून वारं खाली उतरलं की कोरडं होतं. माण, सांगोला या भागांत वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस. आळंदीहून निघून दिवेघाट, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असं आपण चालत जातो, ते सह्याद्रीला पाठ देऊन पर्जन्यछायेत आत आत जाणं असतं. रानं बदलत जातात. सुरुवातीला हिरवं, पुढं उघडं माळरान. त्या बाजूच्या शेतकऱ्याची भिस्त खरिपापेक्षा रब्बीवर, परतीच्या पावसावर. मंगळवेढ्याची ज्वारी त्याच पावसावर आणि काळ्या मातीतल्या ओलाव्यावर येते.

आणि तरीही पंढरपुरात टिपूस नसताना चंद्रभागा दुथडी वाहताना आपण पाहिली आहे. ते पाणी पंढरपूरच्या ढगाचं नसतं. भीमा भीमाशंकरला उगम पावते. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला तिला मिळते, पुढं पुण्याची मुळा-मुठा मिळते, नृसिंहपूरला नीरा मिळते. सह्याद्रीवर पडलेला पाऊस नदीच्या वाटेनं पंढरीला जातो. म्हणजे आपण पायी चालतो त्याच दिशेनं आपल्याआधी इंद्रायणीचं पाणी वारीला निघालेलं असतं. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाल्यापासून त्या पाण्याला वाटेत मोठा मुक्काम पडतो, एवढंच.

१८७६ : पाऊस गेला आणि प्रश्न उभा राहिला

पावसाच्या अभ्यासाला खरी धार आली ती एका भयंकर काळात. १८७५ साली इंग्रज सरकारनं कलकत्त्याला हवामान खातं काढलं. हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. खातं जेमतेम एक वर्षाचं झालं आणि १८७६ सालचा पाऊस दख्खनला दगा देऊन गेला. सोलापूर, विजापूर, नगर, पुणे, सातारा, सगळीकडं पिकं जळाली. १८७७ मध्येही हाल संपले नाहीत. देशभरात मिळून किमान ५० लाख माणसं भुकेनं आणि त्यामागून आलेल्या रोगांनी मेली.

पाऊस आभाळानं अडवला हे खरं, पण इतकी माणसं मेली त्याचं कारण आभाळात शोधून भागत नाही. त्या काळातही देशातला गहू विलायतेला जात होता. धान्याचे भाव गोरगरिबाच्या आवाक्याबाहेर गेले होते. दुष्काळी कामावरची मजुरी सरकारनं इतकी कमी केली की मजुरांनी कामं सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची हकीकत गोळा करून सरकारपुढं मांडली. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं धनकवडीला दुष्काळी मुलांसाठी अन्नाची सोय केली. दामाजीपंतांचं काम असं नव्या रूपात उभं राहिलं. पुढं १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि दुष्काळात सरकारनं काय करायचं याचे नियम तयार झाले. आपण पादुकांच्या नीरास्नानाला थांबतो त्या नीरेचा डावा कालवाही याच दुष्काळाच्या पाठीवर झाला.

इकडं ब्लॅनफर्डसमोर प्रश्न होता : पाऊस जाणार हे आधी कळलं असतं का? त्यांनी ठिकठिकाणचे हवेच्या दाबाचे आकडे मागवले. तेव्हा दिसलं की त्या वर्षांत दाब फक्त हिंदुस्थानातच चढलेला नव्हता. मॉरिशसपासून ऑस्ट्रेलियापर्यंत तो चढलेला होता. ऑस्ट्रेलियातही त्याच सुमाराला दुष्काळ होता. सोलापूरच्या शेतकऱ्याचं रान आणि हजारो मैलांवरच्या ऑस्ट्रेलियातलं कुरण एकाच वेळी करपत होतं, आणि दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता.

ब्लॅनफर्डना हिमालयावरच्या बर्फातही एक धागा सापडला. वसंतात बर्फ जास्त साठलं तर जमीन लवकर तापत नाही, मग वारं ओढलं जात नाही आणि पाऊस कमी होतो, असं त्यांनी १८८४ मध्ये मांडलं. त्याच आधारावर १८८६ पासून मोसमी पावसाचा अंदाज दरवर्षी छापून येऊ लागला. पण सगळ्या वर्षांना हा धागा पुरेना. १८९९ साली खात्यानं चांगला पाऊस सांगितला आणि पडला तो छप्पन्नचा दुष्काळ! विक्रम संवत १९५६ म्हणून ‘छप्पन्नचा’. खात्याची सगळीकडं छी थू झाली.

तराजूची दोन पारडी

१९०४ साली खात्याचे प्रमुख म्हणून गिल्बर्ट वॉकर आले. हा माणूस गणिती होता. हवामानाचा त्यांना फारसा अनुभव नव्हता, पण आकड्यांशी दोस्ती होती. दुसऱ्या वर्षी खात्याचं मुख्य ठाणं शिमल्याला गेलं. तिथं बसून वॉकरांनी जगभरातले आकडे जमवले : हवेचा दाब, पाऊस, तापमान, नाईल नदीचं पाणी. यंत्रगणक तेव्हा नव्हते. हिंदी कारकुनांच्या हातांनी वर्षानुवर्षं आकडेमोड चालली. एका ठिकाणचा आकडा वाढला की दुसऱ्या ठिकाणचा वाढतो की उतरतो, एवढंच ते तपासत राहिले.

मधे १९१८ साल आलं. पावसानं ओढ दिली आणि इन्फ्लुएंझाच्या साथीनं घरंच्या घरं रिकामी केली. आपली दिंडी उभी राहिली तेव्हा ही आठवण लोकांच्या मनात ताजी होती.

वॉकर १९२४ साली निवृत्त झाले. त्याच सुमाराला त्यांनी आपलं सार मांडलं. प्रशांत महासागराच्या पूर्वेकडं दाब चढला की हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाकडं तो उतरतो. आणि इकडं चढला की तिकडं उतरतो. जणू एक प्रचंड तराजू. याला त्यांनी ‘दक्षिणी दोलन’ असं नाव दिलं. आपल्याकडचं पारडं दाबानं जड झालं की आपला पाऊस हलका होतो. तराजू का हलतो, हे मात्र त्यांना सांगता आलं नाही.

१९२८ साली खात्याचं मुख्य ठाणं शिमल्याहून पुण्याला हललं. शिमल्याचं ऑफिस म्हणून ‘शिमला ऑफिस’. पुढं १९४४ साली मुख्य ठाणं दिल्लीला गेलं, पण पुण्याचं काम चालू राहिलं आणि लोकांच्या तोंडातलं नावही. म्हणजे आपली दिंडी आणि हे ऑफिस पुण्याच्या वाटेवर जवळजवळ एकाच काळात आली. इतकी वर्षं आपण त्यांच्या शेजारून जातो आहोत.

बहात्तरचा दुष्काळ आणि लांबचा समुद्र

तराजूचं कोडं सुटलं १९६९ साली. याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञानं वॉकरांचा तराजू आणि समुद्राच्या पाण्याचं तापमान यांची गाठ घालून दाखवली.

दक्षिण अमेरिकेत पेरू देशाच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. काही वर्षी नाताळच्या सुमाराला समुद्राचं पाणी गरम होतं आणि मासळी नाहीशी होते. त्यांनी त्याला बाळ येशूचं नाव दिलं, ‘एल निनो’. एरवी प्रशांत महासागरावरचं वारं पूर्वेकडून पश्चिमेकडं वाहतं आणि गरम पाणी इंडोनेशियाकडं ढकलून ठेवतं. तिथं हवा वर चढते, धो धो पाऊस पडतो. एल निनोच्या वर्षी हे वारं ढिलं पडतं. गरम पाणी पूर्वेकडं पसरतं आणि हवा वर चढण्याची जागाही पूर्वेकडं सरकते. मग तिकडं चढलेली हवा कुठंतरी उतरणारच. ती इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया आणि आपल्या बाजूला उतरते.

आता ते गाठीला बांधलेलं वाक्य काढा. उतरती हवा पाऊस अडवते. दिवेघाटाच्या पलीकडं रान कोरडं का, आणि १८७७ साली दख्खन करपलं का, या दोन्हीला एकच नियम लागू पडतो. एक डोंगराएवढा आणि दुसरा महासागराएवढा, फरक इतकाच. १८७७, १८९९, १९१८, १९७२, २०१५, २०२३ या सगळ्या साली प्रशांत महासागर तापलेला होता.

बहात्तरचा दुष्काळ आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी अंगावर काढला आहे. देशात पाऊस सरासरीच्या सुमारे २४ टक्के कमी पडला. महाराष्ट्रात तर त्याआधीचं वर्षही कोरडंच गेलं होतं. खडी फोडणारे हात, सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, हे शब्द अजून घरोघरी निघतात. पण १८७७ सारखी माणसं मेली नाहीत. हवा तशीच उतरली होती, ढग तसेच विरले होते. माणसांनी मात्र या खेपेला वेगळं केलं. मागेल त्याला काम मिळालं. रस्ते झाले, नाल्यांना बांध पडले, पाझर तलाव झाले. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पुढं सगळ्या देशानं तो धडा घेतला. दामाजींनी आपल्या जिवावर उदार होऊन उघडलेलं कोठार आता कायद्यानं उघडता येऊ लागलं.

एल निनो म्हणजे दुष्काळ ठरलेलाच, असंही नाही. १९९७ साली एल निनो मोठा होता, तरी आपला पाऊस सरासरीला पुरला. पुढं कळलं की आपल्या हिंदी महासागराचाही एक छोटा तराजू आहे. आफ्रिकेकडचं पाणी जास्त गरम आणि सुमात्राकडचं गार असलं तर तो आपल्या बाजूनं झुकतो आणि एल निनोचा जोर मोडतो. ही गोष्ट १९९९ साली नीट मांडली गेली. म्हणजे शास्त्रही अजून वाटेतच आहे, मुक्कामाला पोचलेलं नाही.

रुसवा कुणाचा?

आता त्या जुन्या बोलण्याकडं येतो. वारी चुकली म्हणून पाऊस चुकतो का?

२०२० साली करोनामुळं पायी वारी झाली नाही. पादुका एस. टी. गाडीतून पंढरीला गेल्या. आपण घरात बसून डोळे पुसले. इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. सेवा चुकली म्हणावं असं एखादं वर्ष असेल तर ते हेच. आणि त्या वर्षी देशात पाऊस सरासरीपेक्षा ९ टक्के जास्त पडला. याउलट २०२३ साली वारी भरून वाहिली, आणि मागून आलेला ऑगस्ट देशासाठी १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला.

पांडुरंग रुसत नाही असं सांगणारा मी कोण? पण इतकं कळतं की तो आपल्या चुकांची खतं जपून ठेवणारा सावकार नाही. ज्या परंपरेत तुकोबांनी कर्जखतं नदीत बुडवली, त्या परंपरेचा देव पावसाच्या थेंबाथेंबानं वसुली करत असेल, हे मनाला पटत नाही. आणि दुष्काळाला कुणाचं तरी पाप कारण आहे असं एकदा धरलं, की मग ते पाप शोधायला माणूस शेजाऱ्याच्या दाराशी जातो. ज्याचं रान जळालं त्यालाच दोषी धरण्यापर्यंत गोष्ट जाते. वारकऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये.

गोधडी जाड होते आहे

एक पाप मात्र आहे, ते आपणा सगळ्यांचं मिळून आहे आणि ते मोजता येतं. दगडी कोळसा आणि तेल जाळून माणसानं हवाच बदलली. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते, आता ४२० च्या वर गेले आहेत. हा वायू पृथ्वीवरच्या गोधडीसारखा आहे. गोधडी जाड झाली की आतली ऊब बाहेर जात नाही. पृथ्वी त्यामुळं सव्वा अंशाच्या आसपास तापली आहे. यातला मोठा वाटा श्रीमंत देशांच्या धुराड्यांचा; तडाखा मात्र कोरडवाहू शेतकऱ्यालाही बसतो.

हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. घागर मोठी झाली म्हणा. मोठी घागर भरायला वेळ लागतो, आणि उपडी झाली की एकदम ओतते. म्हणून पावसात खंड मोठे पडतात आणि पडतो तेव्हा तो ढगफुटीसारखा कोसळतो. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिलं की भारताच्या मध्य पट्ट्यात, ज्यात आपला महाराष्ट्रही येतो, मोठ्या टापूवर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या. २०२५ साली तर पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत येऊन थडकला. मृग लागायला अजून दहा-बारा दिवस होते.

आजोबांचं नक्षत्राचं गणित खोटं नव्हतं. ते ज्या हवेवर बांधलं होतं ती हवाच आता राहिली नाही.

मग दिंडीनं काय करायचं? पहिली गोष्ट पेरणीची. वारीला निघायची घाई म्हणून पहिल्या सरीवर बी टाकू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन चांगली ओल गेल्याशिवाय पेरू नये, असं शेती खातं सांगतं, ते ऐकावं. दुबार पेरणीचं कर्ज वर्षभर पुरतं. पेरणी राहिली असेल तर ज्यानं वारी चुकवली त्याला टोमणा मारू नये, आणि जो आला त्याच्या रानाकडं गावकीनं बघावं. दुसरी गोष्ट मुक्कामाची. तंबू ओढ्याच्या पात्रात, नदीच्या काठाला लागून ठोकू नयेत. वरच्या धरणातून पाणी सुटल्याची खबर रोज घ्यावी. विजा कडाडू लागल्या की झाडाखाली उभं राहू नये. वीज कुठं पडण्याचा संभव आहे ते सांगणारं ‘दामिनी’ नावाचं ॲप याच पुण्याच्या संस्थेनं काढलं आहे, ते दिंडीतल्या दोन-चार तरुणांच्या मोबाइलमध्ये असावं. आणि तिसरी गोष्ट उन्हाची. पाऊस लांबला तर भर दुपारी म्हाताऱ्या माणसांना चालवू नये. चोपदारानं सावली बघून विसावा द्यावा. पहिल्या शंभर वर्षांत याची एवढी गरज पडली नसेल, पुढच्या शंभरात रोज पडेल.

दुर्गादेवीच्या दुष्काळापासून आजपर्यंत पाऊस अडला तो हवेच्या चालीनं, आणि माणसं मेली किंवा जगली ती माणसांच्या वागण्यानं. हवेची चाल ओळखायला आपल्याला सव्वाशे-दीडशे वर्षं लागली. भुकेल्याला अन्न द्यायचं हे मात्र दामाजीपंतांना हवेचा दाब न मोजताही कळलं होतं. आपल्याला आता दोन्ही साधायला हवं.

पुढच्या वर्षी पालखी शिवाजीनगरला पोचेल तेव्हा त्या जुन्या इमारतीच्या बाजूला एकदा बघा. शेजारचा नवखा माळकरी विचारील, ‘माउली, पुण्यात शिमला कसं?’ त्याला हसण्यावारी नेऊ नका. पुढच्या विसाव्यापर्यंत पुरेल एवढी गोष्ट आता आपल्याजवळ आहे.

॥ पुंडलिक वरदा हरि विठ्ठल ॥